पंचवीस डिसेंबर, बेथलहेम आणि आपण

२५ डिसेंबर २०२३. सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम झाला. भाषण माझ्याकडेच होते. महाड, १९२७, चवदार तळे, परिषदेचा ठराव. दरवर्षी बोलते तेच बोलले. बायका आल्या होत्या, लेकरे आली होती, दोन-चार कॉलेजची पोरे मागे उभी होती. कार्यक्रम संपला, चहा झाला, तेव्हा बी.ए.ला असलेल्या एका मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरला.

"ताई, बेथलहेममध्ये यंदा नाताळ रद्द केलाय म्हणे. पण तिथं ख्रिश्चन कुठून आले? पॅलेस्टाईन म्हणजे मुसलमानच ना?"

मी काही बोलायच्या आत दुसरा म्हणाला, "असतील कुणी. पण ते त्यांचं भांडण आहे. आपल्या वस्तीत पाच-पाच दिवस नळाला पाणी नाही. आपल्याला काय करायचं गाझाचं?"

मी उत्तर दिले. जगातल्या सगळ्या शोषितांचे दुःख एकच असते, अशा थाटाचे काहीतरी. बोलतानाच कळत होते की हे वाक्य मी कुठल्या तरी बॅनरवरून उचलले आहे. पोराने मान डोलावली, पण त्याला ते पटले नाही, आणि त्याचे बरोबर होते. समाजशास्त्राची एम.ए.ची पदवी घेऊन आणि दहा-बारा वर्षे चळवळीत काढून मला त्याला देण्याजोगे एवढेच सुचले, ही गोष्ट दिवसभर डोक्यात राहिली.

संध्याकाळी मी एका सहकाऱ्याच्या घरी फराळाला गेले. आम्ही दोघे मराठवाड्यात गायरान जमिनीच्या प्रश्नावर काम करतो. तो मातंग समाजातून ख्रिस्ती झालेल्या घरातला, तिसऱ्या पिढीचा. त्याचे वडील निवृत्त पाळक आहेत. मी त्यांना काका म्हणते, ते मला पोरी म्हणतात. घराच्या कोपऱ्यात दरवर्षीसारखी गव्हाणी मांडली होती, पण यंदा तिच्यात गवत नव्हते. काकांनी रस्तारुंदीत पाडलेल्या घरांचे विटांचे आणि सिमेंटचे तुकडे पिशवीत भरून आणले होते आणि त्यांच्या मधोमध बाळ येशूची मातीची मूर्ती ठेवली होती. घरातल्या सुनेला ते फारसे आवडलेले दिसले नाही. "सणाच्या दिवशी मलबा घरात आणलाय," ती मला हळूच म्हणाली.

काकांनी हे आपल्या मनाने केले नव्हते. बेथलहेममधल्या लुथेरन ख्रिसमस चर्चमध्ये त्या वर्षी अशीच गव्हाणी मांडली गेली होती. फुटलेल्या काँक्रीटचे तुकडे, आणि त्यांत पॅलेस्टिनी रुमालात गुंडाळलेले बाळ. तिथले पाळक मुन्थर आयझॅक यांनी नाताळच्या तोंडावर, २३ डिसेंबरला, एक प्रवचन दिले. ते जगभर पाहिले गेले. येशू आज जन्माला आला तर गाझाच्या ढिगाऱ्याखाली सापडेल, असा त्याचा गाभा. पण काकांना हलवून सोडणारा भाग वेगळा होता. आयझॅक यांचा रोख इस्रायलपेक्षाही पाश्चात्त्य चर्चवर होता. तुम्ही गप्प राहिलात, तुमच्या पाळकांनी या बाँबवर्षावाला धर्माचे कपडे चढवले, आता आरशात पाहा आणि स्वतःला विचारा की हे चालू असताना मी कुठे होतो. आपल्याच धर्मबंधूंना इतक्या स्पष्ट शब्दांत सुनावणारा माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

त्या रात्रीपासून मी हा विषय वाचायला घेतला. त्या मुलाला नीट उत्तर द्यायचे होते. ते इथे लिहिते आहे.

आधी साधी माहिती. पॅलेस्टिनी ख्रिस्ती ही काही मिशनऱ्यांनी कालपरवा बनवलेली जमात नाही. बेथलहेम, बेत जाला, बेत साहूर, रामल्ला, जेरुसलेम, गाझा इथली ही माणसे ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांपासूनची परंपरा सांगतात. अरबी बोलतात, अरबीत प्रार्थना करतात. आज पश्चिम किनारा आणि गाझा मिळून त्यांचे प्रमाण एक-दोन टक्के उरले आहे. युद्धापूर्वी गाझात ते जेमतेम हजार होते. १९ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या सेंट पॉर्फिरियस या जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या आवारावर इस्रायली हल्ला झाला आणि आसऱ्याला आलेली सतराअठरा माणसे मेली. त्याच डिसेंबरात कॅथलिक चर्चच्या आवारात एक आई आणि तिची मुलगी गोळी लागून मेल्या. पोप फ्रान्सिस त्या चर्चला जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत, एप्रिल २०२५ मध्ये जाईपर्यंत. दुसरीकडे ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, हेही मी इथे लिहिणार. ते लिहिल्याने गाझातल्या साठ हजारांहून अधिक मृत्यूंचे वजन कमी होत नाही. आपल्याकडे काही पोरे या विषयावर बोलताना सरसकट ज्यूंना शिव्या देतात. त्यांनी कोकणातल्या बेने इस्रायलींची आठवण ठेवावी. मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले जाणारे हे लोक इस्रायलला गेले, तेव्हा १९६० च्या दशकात तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली होती. लग्न लावायला नकार दिला होता. लढून त्यांनी ते बदलवून घेतले. शुद्धाशुद्धतेचा खेळ कुठल्या एका धर्माची मिरासदारी नाही.

आता मुद्द्याकडे येते. पॅलेस्टाईनच्या प्रश्नात चर्चची अडचण अशी की जमीन हिसकावण्याचे समर्थन तिच्याच ग्रंथातून निघते. देवाने ही भूमी आपल्या निवडलेल्या लोकांना दिली, अशी कथा बायबलात आहे. एकोणिसाव्या शतकापासून इंग्लंड-अमेरिकेतल्या एका प्रॉटेस्टंट प्रवाहाने त्या कथेचा राजकीय कार्यक्रम केला. यालाच ख्रिस्ती झायोनवाद म्हणतात. आज अमेरिकेतले कोट्यवधी मतदार या वळणाचे आहेत. मे २०१८ मध्ये अमेरिकेने आपली वकिलात जेरुसलेमला हलवली, तेव्हा त्या समारंभात प्रार्थना म्हणायला याच पंथाचे पाद्री होते. त्याच दिवशी गाझाच्या कुंपणापाशी साठेक माणसे गोळ्यांनी पडली.

तेव्हा विचार करा. तुमचे घर, तुमची विहीर, तुमची जैतुनाची झाडे जातात, आणि तुमच्या उशाशी असलेलाच ग्रंथ सांगतो की हे देवाच्या इच्छेने झाले. हे दुःख आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या वाडवडिलांचे पाणी, रस्ता, अक्षर हे सगळे एका ग्रंथाच्या आधारे गेले. म्हणून बाबासाहेबांनी २५ डिसेंबरला महाडला तो ग्रंथ जाळला.

पॅलेस्टिनी ख्रिस्त्यांनी ग्रंथ जाळला नाही. नाइम अतीक हे अँग्लिकन पाळक १९३७ साली बैसान गावात जन्मले. १९४८ मध्ये, अकरा वर्षांचे असताना, सैन्याने त्यांच्या कुटुंबाला गावाबाहेर काढले. पुढे ते पाळक झाले आणि १९८९ साली त्यांनी पॅलेस्टिनी मुक्तीचे धर्मशास्त्र मांडणारे पुस्तक लिहिले. जेरुसलेममधले सबील हे केंद्र त्यांच्याच पुढाकारातून उभे राहिले. त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट मला पहिल्यांदा खटकली आणि मग मनात बसली. मोशे गुलामांना मिसरमधून बाहेर काढतो ही कथा अमेरिकेतल्या काळ्या माणसांना प्रिय, दक्षिण अमेरिकेतल्या गरिबांना प्रिय, आणि आपल्यालाही प्रिय. बाबासाहेबांनी मोशेविषयी आदराने लिहिले आहे. पण अतीक विचारतात, मोशेची माणसे ज्या भूमीत गेली तिथे आधीपासून राहणाऱ्या कनानी लोकांचे काय झाले? पॅलेस्टिनी माणूस ती कथा वाचतो तेव्हा त्याची जागा कनानी लोकांत असते. मुक्तीची कथासुद्धा कुणाच्या तरी दारातून पाहिली की विस्थापनाची कथा होते. मला हे आधी कधी सुचले नव्हते.

मोशेऐवजी अतीक नाबोथाची गोष्ट पुढे ठेवतात. मला ती माहीत नव्हती. काकांना विचारले, तर त्यांनी चष्मा लावून पवित्र शास्त्रातले पान काढले आणि मोठ्याने वाचून दाखवले. नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून असतो. अहाब राजाला तो भाजीच्या मळ्यासाठी हवा असतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. राणी मग दोन खोटे साक्षीदार उभे करते. नाबोथाने देवाची आणि राजाची निंदा केली असा आरोप होतो, त्याला दगडांनी मारतात आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला जातो. वाडवडिलांच्या जमिनीला मराठी बायबलात शब्द आहे 'वतन'. तो ऐकून मी चमकलेच. महार वतनाच्या नावाखाली आपली माणसे गावकीला कशी जुंपली गेली हे माहीत असणाऱ्याला तो शब्द गोड लागत नाही. काका हसले. म्हणाले, "शब्द सोड पोरी. खोटी केस बघ, दोन साक्षीदार बघ. तुझ्या गायरानवाल्यांवर अजून काय करतात?"

खरेच होते. त्याच महिन्यात आमच्या एका गावात, तीस-पस्तीस वर्षे गायरान कसणाऱ्या एका मावशीवर पीक चोरल्याची तक्रार झाली होती. पीक तिने स्वतः पेरले होते.

इथे मला बेथलहेमच्या नैर्ऋत्येला असलेल्या एका टेकडीबद्दल सांगायचे आहे. नस्सार नावाच्या ख्रिस्ती कुटुंबाची तिथे शेती आहे, सुमारे शंभर एकर. आजोबांनी १९१६ साली घेतलेली आणि नोंदवलेली. तुर्कांच्या काळातला कागद, ब्रिटिशांचा कागद, जॉर्डनचा कागद, सगळे जपलेले. १९९१ मध्ये इस्रायली प्रशासनाने ती सरकारी जमीन असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून हे कुटुंब कोर्टात आहे. आजूबाजूच्या टेकड्यांवर वसाहती उभ्या राहिल्या, त्यांना वीज-पाणी मिळाले. नस्सारांना बांधकामाची परवानगी नाही, म्हणून ते गुहांत आणि तंबूंत राहतात, पावसाचे पाणी टाक्यांत साठवतात, सौर पाट्यांवर दिवे लावतात. मे २०१४ मध्ये फळे तोडणीला आली असताना सैन्याच्या बुलडोझरने सुमारे दीड हजार झाडे उखडली. शेताच्या तोंडाशी दगडावर लिहिले आहे की आम्ही शत्रू व्हायला नकार देतो. निरनिराळ्या देशांतल्या चर्चची माणसे तिथे येतात, झाडे लावतात, खळी राखतात, खटल्याला पैसे जमवतात, आपापल्या खासदारांना पत्रे लिहितात.

१९९१ हे साल वाचून मी थांबले. आपल्याकडेही त्याच साली, नोव्हेंबरात, शासन निर्णय निघाला होता. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी जे मागितले त्यातला एक तुकडा. तो तुकडासुद्धा हजारो घरांत अजून सातबाऱ्यावर चढलेला नाही. नस्सारांकडे तीन राजवटींचे कागद असून उपयोग होत नाही आणि आमच्या मावशीकडे एक दंडाची पावती आहे, जी तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून छपराला टांगली आहे. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणत नाही. तिथे परक्या सैन्याचा ताबा आहे, इथे गावातलाच पाटील आहे. पण कागद असूनही जमीन का जाते आणि त्या वेळी शेजारी कोण उभे राहते, हे दोन्हीकडे विचारता येते.

शेजारी उभे राहण्याची चर्चची एक पद्धत मला विशेष वाटली. जेरुसलेममधल्या चर्चप्रमुखांनी बोलावल्यावरून जागतिक चर्च परिषदेने २००२ मध्ये 'सोबत' देण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक तीन-तीन महिन्यांसाठी तिथे जाऊन राहतात. काम अगदी साधे. पहाटे चार वाजता बेथलहेमच्या तपासणी नाक्यावर उभे राहायचे, किती मजूर आले, किती अडवले, किती वेळ लागला ते मोजून लिहायचे. वसाहतीजवळून शाळेत जाणाऱ्या पोरांबरोबर चालायचे. जैतुनाच्या तोडणीला मळ्यात थांबायचे. घर पाडायला आले तर हजर राहायचे आणि नोंद करायची. मग आपल्या देशात परत जाऊन सांगायचे. आजवर हजाराहून जास्त माणसे असे राहून आली.

आपल्याकडे अत्याचाराची घटना घडली की सत्यशोधन समिती जाते. खैरलांजीत गेल्या, खर्ड्यात गेल्या, मीही अशा समित्यांत गेले आहे. दोन दिवस, एक अहवाल, एक पत्रकार परिषद. समितीची गाडी गावाबाहेर पडल्यावर त्या रात्री त्या घराबाहेर कोण झोपते? तीन महिने राहणारा माणूस आपण कधी पाठवला? हे मी दुसऱ्या कुणाला विचारत नाही, आमच्याच संघटनेच्या बैठकीत विचारले आहे. उत्तर मिळाले, "मानधन कोण देणार?" तो प्रश्नही खोटा नाही.

अर्थात त्या सोबतीतही रंग आहे. गोऱ्या माणसाच्या पासपोर्टला सैनिक बिचकतो म्हणून ती सोबत चालते, हे तिथे गेलेलेच कबूल करतात. डिसेंबर २०१६ मध्ये जागतिक चर्च परिषदेच्या सहसरचिटणीस इझाबेल फिरी यांना तेल अवीवच्या विमानतळावरून परत पाठवण्यात आले. त्या मलावीच्या. बरोबरच्या इतरांना आत सोडले गेले आणि त्या गटातल्या एकमेव आफ्रिकन बाईला नाही.

बाबासाहेबांचा एक आक्षेप इथे आठवावाच लागतो. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी सांगून ठेवले आहे की शास्त्रांचा खरा अर्थ वेगळाच आहे असे म्हणत बसण्यात हशील नाही. लोक तो अर्थ कसा समजतात आणि कसा पाळतात हे महत्त्वाचे. प्रामाण्यच नाकारा. मग अतीक, आयझॅक ही मंडळी बायबलचा नवा अर्थ लावत बसली आहेत, तो बाबासाहेबांनी फेटाळलेलाच मार्ग नाही का? मला बरेच दिवस असेच वाटत होते, आणि अजूनही पूर्ण समाधान झालेले नाही. पण ही माणसे अर्थ लावून थांबली नाहीत. २००६ मध्ये जेरुसलेमच्या चर्चप्रमुखांनी निवेदन काढून ख्रिस्ती झायोनवाद ही खोटी शिकवण असल्याचे जाहीर केले. डिसेंबर २००९ मध्ये बेथलहेममधून 'कैरोस पॅलेस्टाईन' हा दस्तऐवज आला. दक्षिण आफ्रिकेतल्या १९८५ च्या कैरोस दस्तऐवजाचा वारसा सांगणारा. लष्करी ताबा हे पाप आहे आणि त्या पापाला आधार देणारे धर्मशास्त्र ख्रिस्ती नाही, असे त्यात सरळ लिहिले. आणि त्याबरोबर मागितले काय? बहिष्कार, आणि गुंतवणूक काढून घेणे.

म्हणजे अर्थाची लढाई त्यांनी हिशेबाच्या वहीपर्यंत नेली. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये यावर दहा वर्षे वाद चालला. २००४ मध्ये प्रक्रिया सुरू झाली. २०१२ च्या महासभेत गुंतवणूक काढण्याचा प्रस्ताव दोन मतांनी पडला, ३३३ विरुद्ध ३३१. २०१४ मध्ये पुन्हा आला आणि ३१० विरुद्ध ३०३ असा सात मतांनी मंजूर झाला. कॅटरपिलर, ह्युलेट-पॅकार्ड आणि मोटोरोला सोल्युशन्स या तीन कंपन्यांतले सुमारे दोन कोटी दहा लाख डॉलर काढायचे ठरले. कंपन्यांच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे चिल्लर. पण ज्या बुलडोझरने घर पडते त्याच्या नफ्यातला वाटा आपल्या निवृत्त पाळकांच्या पेन्शनमध्ये येतो, हे शेकडो प्रतिनिधींना हात वर करून मान्य करावे किंवा नाकारावे लागले. मोर्चात घोषणा देण्यापेक्षा हे अवघड आहे. जून २०२५ मध्ये जोहान्सबर्गच्या बैठकीत जागतिक चर्च परिषदेनेही वर्णभेद हा शब्द वापरला. परिषदेची स्थापना १९४८ ची, म्हणजे सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले त्याच वर्षाची. सत्त्याहत्तर वर्षे लागली.

उशीर झाला खरा. पण दक्षिण आफ्रिकेत काय झाले ते पाहा. तिथे वर्णभेदाला धर्मशास्त्र पुरवणारी गोऱ्यांची डच रिफॉर्म्ड चर्च होती, आणि १९८२ मध्ये ओटावाला जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चनीच त्या समर्थनाला पाखंड ठरवून गोऱ्या चर्चचे सदस्यत्व स्थगित केले. घरच्यांनी दार बंद केले, तेव्हा त्या चर्चला आपल्याच प्रार्थनेत अडखळायला झाले. बाहेरच्याने शिव्या देणे सोपे असते, त्याचा परिणामही तेवढाच होतो. महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने. बाबासाहेबांनी हे उगीच घडू दिले नसावे, असे माझे मत.

आता चर्चची आरती पुरे. याच चर्चमध्ये जात आहे. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला ख्रिस्ती दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी करणारी भिंत आहे. बाबासाहेबांनी धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना भारतीय ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही, अशी तक्रार केली होती. काकांना मी हे बोलून दाखवले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आमच्यात महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांची सोयरीक अजून होत नाही. तीस वर्षं मी प्रवचनं दिली, माझ्याच्यानं एक लग्न जुळलं नाही." १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे त्यांच्या मुलाला अनुसूचित जातीची सवलत नाही. आपल्याला, बौद्धांना, ती १९९० मध्ये मिळाली, आणि त्यांच्या मागणीला आपल्यातल्या किती जणांनी मनापासून पाठिंबा दिला हे आपल्याला ठाऊक आहे.

तरीही मार्च २००९ मध्ये, कैरोस दस्तऐवजाच्या नऊ महिने आधी, याच जागतिक चर्च परिषदेने आणि लुथेरन महासंघाने बँकॉकला दलितांच्या न्यायासाठी परिषद घेतली होती. त्याआधी २००१ मध्ये डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न येऊ नये म्हणून आपले सरकार झटत होते, आणि त्याच परिषदेत पॅलेस्टाईनच्या उल्लेखावरून अमेरिका व इस्रायल उठून गेले. अंतिम मसुद्यात जात आली नाही. आपला आणि पॅलेस्टिनींचा प्रश्न एकाच मांडवात कुणाला तरी नको होता. त्या मुलाला मी हे सांगायला हवे होते.

पण मला जे सांगायचे होते ते याहून अडचणीचे आहे, आणि ते मी इतके लांबवत आणले.

ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात पळाले. गावे जाळली गेली. ते करणारे सैन्य बौद्ध बहुसंख्य देशाचे होते, आणि त्याआधी वर्षानुवर्षे चीवर घातलेले काही भिक्खू व्यासपीठावरून मुसलमानांविरुद्ध विष ओकत होते. आपल्या डोळ्यांदेखत. मी तेव्हा एम.ए. झालेली, लिहिती-बोलती कार्यकर्ती होते. मी एक ओळ लिहिली नाही. आमच्या विहारात त्या पौर्णिमेला वंदना झाली, खीर वाटली, कुणी विषय काढला नाही. कुणीतरी म्हणालेच असेल, तो थेरवाद, ते वेगळे बौद्ध, आपण नवयानी. अमेरिकेतला सुखवस्तू ख्रिस्तीही असेच म्हणतो, ते झायोनवादी वेगळे, आम्ही वेगळे. पॅलेस्टिनी पाळकांनी त्याला तेवढ्यावर सुटू दिले नाही. तुझ्या ग्रंथाच्या, तुझ्या क्रूसाच्या नावाने चालले आहे, तर तुलाच उभे राहून नाही म्हणावे लागेल. आपल्याला असे कोण म्हणणार? रोहिंग्यांत बौद्ध पाळक नाहीत. ते आपल्यालाच आपल्याला म्हणावे लागेल.

मी गप्प का राहिले, हे मी नंतर स्वतःला विचारले. भीती नव्हती. बौद्ध आणि अत्याचार हे दोन शब्द एका वाक्यात तोंडातून निघतच नव्हते. आजोबांनी १९५६ ला दीक्षाभूमीवर घेतलेला धम्म माझ्या घरात एकच निष्कलंक वस्तू आहे, तिला डाग लागू द्यायचा नव्हता. गोरा पाद्रीही असेच काहीतरी जपत असेल. हे समजल्यावर त्याच्यावरचा माझा राग थोडा उतरला, आणि माझ्यावरचा वाढला.

त्या बी.ए.च्या मुलाशी मी पुढच्या वर्षभरात तीन-चारदा बोलले. गाझाबद्दल त्याचे मत पुष्कळ बदलले. रोहिंग्यांचे काढले, तेव्हा मात्र तो म्हणाला, "ताई, हे विहारात बोलू नका. लोक त्याचा फायदा घेतील." कोण लोक, हे त्याने सांगितले नाही. मला कळले. आणि त्याची काळजी खोटी आहे असे मी म्हणू शकले नाही.

गेल्या २५ डिसेंबरच्या आधी विहार समितीच्या बैठकीत मी एक ठराव लिहून नेला. आठ ओळींचा. गाझातील नरसंहाराचा निषेध, बेथलहेमच्या चर्चना पाठिंब्याचे पत्र, आणि शेवटच्या दोन ओळी रोहिंग्यांबद्दल, आपण तेव्हा बोललो नाही याची कबुली म्हणून. पहिल्या सहा ओळींना कुणाची हरकत नव्हती. शेवटच्या दोन वगळाव्यात असे चौघांचे म्हणणे पडले. मी वगळणार नाही म्हटले. मत घेतले. बाजूने चार, विरुद्ध सात. सचिवांनी वहीत नोंद केली आणि मंडपवाल्याच्या बाकीचा विषय घेतला.

घरी जाताना काकांकडे वाकडी वाट केली. त्यांनी आकडा विचारला, मी सांगितला. ते बोटांवर काहीतरी मोजत बसले. मग म्हणाले, "दोघं फोडायला लागतील," आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.